चौथ्या सीटचा इतिहास

बदलापूरला राहणाऱ्या माणसाला 'तुम्ही कुठे काम करता' हे विचारायच्या आधी 'कितीची पकडता' असं विचारतात. आमच्या घरात या प्रश्नाची दोन उत्तरं होती. बाबा मस्जिद बंदरला एका पेढीवर हिशेबनीस होते, त्यांची सकाळी सातच्या आसपासची. आई ठाण्याला शाळेत शिकवायची, तिची त्यानंतरची. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा तिसरं उत्तर तयार झालं आणि त्याच वर्षी बाबांनी मला एक गोष्ट शिकवली, जी चार वर्षांच्या कॉलेजपेक्षा जास्त उपयोगी पडली: चौथी सीट कशी मागायची.

मागायची म्हणजे तोंडाने नाही. बाकाच्या टोकाशी जाऊन उभं राहायचं, तिसऱ्या माणसाच्या खांद्याकडे एकदा बघायचं आणि हाताने हवेत किंचित 'जरा' असं करायचं. तो सरकतो. त्याच्या शेजारचा सरकतो. खिडकीवाला सरकल्यासारखं करतो (तो कधीच सरकत नाही). मग तुम्ही अर्धे बाकावर आणि अर्धे पॅसेजमध्ये, असे टेकता. एक पाय सगळं वजन पेलत असतो, तरी याला 'बसायला मिळालं' असंच म्हणतात.

बाबांनी एकतीस वर्षं हा प्रवास केला. त्यातली किती वर्षं चौथ्या सीटवर गेली असं मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "जाताना खिडकी, येताना चौथी. बरोबरी होते." आता त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पॅसेजच्या बाजूचा गुडघा कायम डावाच असायचा का, हे मात्र मी विचारलेलं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादी गोष्ट अशी का आहे याचं उत्तर बऱ्याचदा 'कोणीतरी फार पूर्वी तसं ठरवलं' हेच असतं, ही सवय कामातून लागली आहे. तर बाबांच्या गुडघ्यापासून सुरुवात करून मी मागे मागे गेलो. बाक तीनच माणसांचं का? पॅसेज एवढाच का? आणि चौथा माणूस त्यात बसतो तरी कसा?

सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे, १२ फूट. आपल्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो. तुम्ही गावाला जाता त्या एक्स्प्रेसचा नेहमीचा डबा साधारण ३.२५ मीटर. फरक ४१ सेंटिमीटरचा. अंग आक्रसून बसलेल्या एका माणसाएवढा. गंमत म्हणजे एक्स्प्रेसच्या सेकंड सिटिंगच्या डब्यातही एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन असेच लोक बसतात. म्हणजे लोकलला मिळालेली जास्तीची रुंदी बसणाऱ्यांना मिळालीच नाही, ती पॅसेजला मिळाली. उभं राहणाऱ्यांना.

आता गणित करा. दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी वजा केली की आत अंदाजे साडेतीन मीटर उरतात. एका माणसाला ४५ सेंटिमीटर धरले तर सहा माणसांना २.७ मीटर. उरले ८० सेंटिमीटर, तो पॅसेज. आता दोन्हीकडे चौथा बसवा. आठ गुणिले ४५ म्हणजे ३.६ मीटर. डब्याच्या आतल्या मापापेक्षा जास्त! कागदावर चौथी सीट बसतच नाही. ती बसते कारण प्रत्येक जण चार-पाच सेंटिमीटर अंग चोरतो आणि चौथ्याचा गुडघा पॅसेजमध्ये राहतो. कुठल्याच नकाशात नसलेली ही सीट रोज लाखो लोक वापरतात.

या डब्यांची सुरुवात झाली ३ फेब्रुवारी १९२५ ला. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला, हार्बरच्या रुळांवरून, देशातली पहिली विजेची गाडी निघाली. चार डब्यांची. १५०० व्होल्ट डीसी. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उद्घाटनाला होते. मस्जिदच्या पुढे गाडी रस्त्याच्या डोक्यावरून, उंच बांधलेल्या रुळांवरून जाते ना, तो भाग याच मार्गासाठी उभारला होता. बाबांची पेढी तिथून चालत पाच मिनिटांवर. आज हार्बर म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण देशातली सगळ्यात आधुनिक गाडी पहिल्यांदा त्याच मार्गावर धावली. नंतर नशीब कसं फिरलं ते पुढे येईलच. पश्चिमेकडे बीबी अँड सीआय रेल्वेने ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली विजेवर आणलं. हो, कुलाबा. तेव्हा चर्चगेटच्या पुढेही गाडी जायची.

विजेच्या गाडीचा खरा फायदा वेगापेक्षा वेगळाच होता. वाफेच्या गाडीला शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन. मोटरमन या टोकाहून उतरून त्या टोकाला गेला की गाडी निघायला तयार. त्यामुळे फलाट लवकर मोकळा होतो, फेऱ्या वाढतात, आणि फेऱ्या वाढल्या की लोक लांब राहायला जातात. शिवाय दोन्ही दिशांना सारखीच चालणाऱ्या गाडीमुळे मुंबईकरांनी आणखी एक शोध लावला, तो म्हणजे 'रिटर्न मारणं'. डोंबिवलीच्या माणसाने उलट्या दिशेने कल्याणला जायचं, तीच गाडी परत फिरते तेव्हा आत बसूनच यायचं. खिडकीसाठी वीस मिनिटं उलटा प्रवास. रेल्वेच्या वेळापत्रकात या प्रवासाला नाव नाही, पण पास मात्र त्या हिशेबाने काढले जातात.

डबे वाढत गेले. १९२७ ला आठ, साठच्या दशकात नऊ, १९८६ च्या सुमारास बारा. पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये पंधरा. सुरुवातीचे डबे परदेशातून आले, स्वातंत्र्यानंतर कोलकात्याच्या जेसपचे आणि पेरांबूरच्या आयसीएफचे आले. पण गाडी लांब होत गेली तरी आतली मांडणी मूळचीच राहिली. समोरासमोर तीन-तीनची बाकं, मधे पॅसेज, दारांपाशी मोकळी जागा. एकच फंक्शन कॉपी-पेस्ट करत जावं तसे डबे जोडत गेले.

आतले भाग मात्र वाटले गेले, आणि माझ्या मते लोकलचा इतिहास म्हणजे मुख्यतः या वाटपाचा इतिहास आहे. फर्स्ट क्लासला तिरके पट्टे आणि आत गादी. बायकांचा डबा. अपंगांचा डबा, ज्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही जाता येतं. मालडबा, ज्यात बाकं भिंतीला लावलेली असतात, कारण मधे टोपल्या ठेवायच्या असतात. मासे, भाजी, फुलं, दूध. डब्याच्या मध्यात जागा मोकळी हवी असेल तर बाकं भिंतीला लावावीत, हे मेट्रोवाल्यांच्या कितीतरी आधी मालडब्याने दाखवून दिलं होतं. पण माणसांसाठी तसं करायचं म्हणजे बसणारे आणखी कमी करायचे, आणि कसाऱ्याहून दोन-अडीच तास येणाऱ्याला हे सांगणार कोण? मेट्रोत माणूस वीस मिनिटं असतो. कर्जत, खोपोली, कसारा, डहाणूच्या माणसाचा दिवसातला पाव भाग गाडीत जाऊ शकतो. त्याच गाडीत घाटकोपरला चढून दादरला उतरणाराही असतो. पहिल्याला बाक हवं, दुसऱ्याला दार. एकाच मांडणीत दोघांना बसवायचं, हा लोकलचा जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे.

यावर एक उत्तर वेगळ्या जातीच्या गाडीने दिलं, तिचं नाव मेमू. वसई-दिवा-पनवेल मार्गावर ती दिसते. डबा लोकलपेक्षा अरुंद, चढायला पायऱ्या, आणि आत शौचालय. लोकलमध्ये शौचालय नाही, कारण मुळात ती गाडी व्हीटीहून कुर्ल्याला जायला बनली होती. तीच गाडी लांबत लांबत डहाणूपर्यंत पोचली (२०१३ मध्ये), पण तिच्या कल्पनेतलं अंतर कुर्ल्याएवढंच राहिलं. आई ठाण्याहून परतताना पाणी पीत नसे. मला ते तिची सवय वाटायची.

बायकांच्या डब्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. बारा वर्षांचा होईपर्यंत मी तिथे असायचो, तेवढ्यावर सांगतो. तिथे सीट 'सांगून ठेवतात'. चढली की पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" ठाणे म्हटलं की ती सीट विचारणारीची. मग तिच्या मागे आणखी एक नंबर लावते. हे सगळं तोंडी, कुठेही लिहिलेलं नाही, आणि चुकलं तर भांडण. माझ्या कामाच्या भाषेत ही एक क्यू आहे, सर्व्हर नसलेली. आई वाटाणे सोलायची, मी शेंगा मोजायचो. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अख्खी गाडी बायकांसाठी सुटली, लेडीज स्पेशल. मध्य रेल्वेवरही तशी गाडी आली. पण अशा एक-दोन गाड्यांनी सगळ्या बायकांच्या कामाच्या वेळा थोड्याच पकडता येतात? आईला ती कधीच मिळाली नाही.

लोकलचे डबे एकमेकांना जोडलेले असतात, पण आतून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणून प्रत्येक डबा एक वेगळं गाव होतो. बाबांच्या डब्यात भजनी मंडळ होतं. दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बायपास, सगळं त्या डब्याला ठाऊक असायचं आणि शेजारच्या डब्याला काहीच नाही. दुसऱ्या डब्यात चढलेला माणूस म्हणजे परगावचा.

आता आकडे, आणि इथे जरा थांबावंसं वाटतं. नऊ डब्यांच्या लोकलची ठरवलेली क्षमता १७०० च्या आसपास सांगतात, आणि गर्दीच्या वेळी तिच्यात साडेचार हजार माणसं असतात. म्हणजे डब्याला पाचशे. रेल्वेच्या भाषेत याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. तुमच्या घरात दोन फुटी फरश्या असतील तर जेमतेम तीन फरश्यांवर पंधरा जणांना उभं करून बघा. जगात इतर कुठे हा शब्द लागतो की नाही माहीत नाही. आपल्याकडे लागला, आणि मग तो डिझाइनच्या कागदांत शिरला.

गाड्या बदलल्या त्या २००७ नंतर. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला जांभळ्या-पांढऱ्या रंगाची, सीमेन्सची यंत्रणा असलेली लोकल धावली. मी तेव्हा शाळेत होतो. खिडक्या मोठ्या, छतातून हवा आत ढकलणारे झोत, कारण एवढी माणसं एकत्र श्वास घेतात तेव्हा डब्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. या गाड्या डीसीवर आणि एसीवर (वीज हो, गार हवा नव्हे) दोन्हीवर चालायच्या, कारण मुंबईतली वीज तेव्हा १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर हळूहळू जात होती. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये पूर्ण बदलली. मध्य रेल्वेची मुख्य लाइन २०१५ मध्ये. आणि सगळ्यात शेवटी हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीला गेली. जिथे ९१ वर्षांपूर्वी ही वीज पहिल्यांदा आली होती, त्याच रुळांवरून ती गेली.

मधल्या काळात हार्बरचं काय झालं होतं ते हेच. पहिली होती, ती शेवटची झाली. फलाट लहान, म्हणून २०१६ पर्यंत बहुतेक गाड्या नऊ डब्यांच्या. रेक जुने. पश्चिमेला बम्बार्डियरची यंत्रणा असलेल्या नव्या गाड्या आल्या की तिच्या सीमेन्सच्या गाड्या मध्य रेल्वेकडे यायच्या आणि त्यातल्या काही हार्बरला. आमच्या चाळीत थोरल्याचा शर्ट धाकट्याला यायचा, अगदी तसं. कुठली गाडी कुठल्या मार्गावर धावते हे ठरवताना वीज, फलाटाची लांबी, पुलाची उंची हे सगळं असतं, मान्य. पण चेंबूर-मानखुर्दचा माणूस फलाटावर उभा राहून समोर आलेला रेक बघतो तेव्हा त्याला कळायचं ते कळतं.

पुलाच्या उंचीचं तर झालंच. पहिली वातानुकूलित लोकल २०१६ मध्ये मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये आली. पण ती उंच होती आणि सीएसएमटीकडच्या जुन्या पुलांखालून जाईना. मग ती पश्चिमेला दिली गेली आणि २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला धावली. मध्य रेल्वेला कमी उंचीची एसी लोकल मिळाली ती २०२० च्या जानेवारीत, आणि तीही आधी ठाणे-वाशी-पनवेल या ट्रान्सहार्बर मार्गावर.

त्या पहिल्या एसी गाडीचा सीटचा हिशेब मला फार बोलका वाटतो. एकूण क्षमता ५,९६४. बसणारे १,०२८, उभे ४,९३६. शंभरातले सतरा बसणार, त्र्याऐंशी उभे. आता उभं राहणं ही अडचण उरलेली नाही, तो नकाशाचाच भाग आहे. शिवाय दारं बंद, आणि सहा-सहा डबे आतून जोडलेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता लांब पॅसेज. गावं संपली. मी या गाडीत तीन वर्षं जातोय आणि डब्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

मी एसीचा पास काढला तो २०२२ मध्ये, भाडं कमी झाल्यावर. बाबांना तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं ते ऑगस्टमध्ये. मध्य रेल्वेने १० साध्या फेऱ्यांच्या जागी एसी फेऱ्या सुरू केल्या. म्हणजे वाढवल्या नाहीत, बदलल्या. साधा पास असलेल्या माणसाची नेहमीची गाडी एक दिवस आली ती दार लावून. कळव्याला लोक रुळांवर उतरले, बदलापूरला स्टेशनात जमाव झाला. त्या संध्याकाळी मी गार डब्यातून उतरून घरी आलो तर बाबांचे जुने डब्यातले दोन मित्र बसलेले. एकाने मला विचारलं, "तुझीच ना रे ती गाडी?" मी हसलो. ते हसले नाहीत. काही दिवसांत फेऱ्या मागे घेतल्या गेल्या, पण तो प्रश्न माझ्याजवळ राहिला. आकड्यांच्या बाजूने बोलायचं तर मी हिरिरीने सांगू शकतो की बंद दाराची गाडी जीव वाचवते. पण एका साध्या गाडीत कोंबून जाणारी माणसं त्या बंद दाराबाहेर फलाटावर उभी राहून पुढच्या गाडीत घुसतात, तेव्हा तिच्या दारात आणखी चार जण वाढतात.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या. दारात लटकलेले लोक एकमेकांवर घासले आणि खाली पडले. किमान चौघे गेले. मी त्या सकाळी त्याच वळणावरून, पण काचेआडून, गेलो होतो, अर्धा-पाऊण तास आधी. दारात उभे राहणाऱ्या माझ्या एका कॉलेजच्या मित्राला फोन लावला, तो लागेना. पंचवीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला, "घाटकोपर. जिवंत." पुढे त्याने एक वाक्य टाकलं होतं, "दारात शौकाने नाही उभा राहत, आत जागाच नसते." त्याला मी काय सांगणार होतो? पाचशे माणसांचा डबा. बाकं तीन-तीनचीच. ८० सेंटिमीटरचा पॅसेज चौथ्या सीटच्या गुडघ्यांनी निम्मा भरलेला, म्हणून आत सरकणारी रांग दाराशीच अडते.

त्या अपघातानंतर रेल्वेने सांगितलं की नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं लावू. दारात हवेसाठी फटी, छतावर हवा आत घेणारी यंत्रणा, आणि डबे आतून जोडलेले, म्हणजे गर्दी एका डब्यातून दुसऱ्यात पसरेल. कल्पना चांगली आहे. आतली बाकं कशी मांडणार, हे मी बातमीत शोधत होतो. मला तो भाग महत्त्वाचा वाटतो.

मागच्या दिवाळीत बाबांना घेऊन दादरला गेलो, एसीने. गुडघ्यानंतरचा पहिलाच मोठा प्रवास. दुपारची वेळ, त्यांना बसायला जागा मिळाली, बाकाच्या टोकाला. डोंबिवलीला माझ्या वयाचा एक मुलगा चढला, पाठीवरची बॅग पोटावर घेतलेली, आणि बाबांच्या बाजूला येऊन उभा राहिला. बाबा सरकले. आपोआप, एकतीस वर्षांच्या सवयीने. मुलगा मोबाइलमध्ये होता, त्याला कळलंच नाही. बाबा तसेच, अर्धी वीत जागा मोकळी ठेवून, अंग चोरून बसले. ठाणं आल्यावर त्यांनी त्याच्या बॅगेला हलकेच हात लावला आणि म्हणाले, "बस की रे, जागा आहे."

तो "नको काका, उतरतोय" म्हणाला, आणि उतरला.